पहिला तास सिस्टरच्या हाती

पैठण ते छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. ढोरकीन, बिडकीन, चितेगाव ओलांडून गंभीर जखमीला तेथे नेईपर्यंत ‘गोल्डन अवर’ बहुधा संपत आलेला असतो. दुखापतीनंतरच्या या पहिल्या तासाची व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही आली. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि नाथषष्ठीला दिंड्या रस्त्यावर असतात, तेव्हा तर वेळेचे गणितच उरत नाही. अशा वेळी जखमीला प्रथम हात लावते ती अनेकदा परिचारिका.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ या संकल्पनेचे महत्त्व येथे आहे. परिचारिका प्रामुख्याने डॉक्टरांच्या आदेशानुसार उपचार करते. नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला स्वतः तपासून आखून दिलेल्या चौकटीत काही निर्णयही घेते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये बालरुग्णांसाठी ही पद्धत सुरू केली. पुढे ती अपघात विभागांपर्यंत पोहोचली.

जखमीच्या तपासणीचा क्रम ठरलेला असतो. मान न हलवता श्वासमार्ग मोकळा करणे, श्वसन पाहणे, रक्तस्राव थांबवणे, शुद्ध तपासणे आणि कपडे बाजूला करून लपलेल्या जखमा शोधणे. शुद्धीचे गुण पंधरापैकी आठ किंवा त्याहून कमी भरले, तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा विचार तातडीने करावा लागतो. ट्रानेक्झामिक ॲसिड हे स्वस्त इंजेक्शन रक्तस्रावात जीव वाचवते, पण पहिल्या तीन तासांतच. नंतर दिल्यास अपाय संभवतो, असे ‘क्रॅश-२’ या चाचणीच्या निष्कर्षांतून दिसले. डॉक्टरांची वाट पाहायची की लेखी कार्यपद्धतीनुसार ते टोचायचे, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ कागदी नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६-१७ मध्ये अतिदक्षता सेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंगनंतरचे हे शिक्षण बहुतांशी वॉर्डातच होते. मात्र त्याचा भर अतिदक्षता विभागावर आहे आणि या परिचारिकेला प्रत्यक्षात काय करू द्यायचे, हे रुग्णालयाच्या कार्यपद्धतीवर अवलंबून राहते.

डॉक्टरांची रिक्त पदे परिचारिकांच्या आडून झाकली जातील, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तालुक्याच्या ठिकाणी रात्री तुलना शल्यचिकित्सकाशी नसते, कोणीच नसण्याशी असते. शस्त्रक्रिया नर्स प्रॅक्टिशनर करणार नाही. रक्तस्राव रोखून, मानेला पट्टा बांधून, रुग्णवाहिका निघण्यापूर्वी रक्तदाब व शुद्धीचे गुण घाटीला दूरध्वनीवरून कळवणे मात्र तिला जमते. तेवढ्यात तेथे रक्ताची तजवीज सुरू होऊ शकते.