आगीच्या डोंगरावर आकाशातून पहारा

महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी विहीर खणताना काळा कठीण दगड लागतो. पहारीने फुटत नाही, सुरुंग लावावा लागतो. आपला सह्याद्री याच दगडाचा. कापसाची आपली काळी जमीन याच दगडाच्या झिजेतून झालेली. हा दगड एके काळी कढईतल्या गुळासारखा पातळ होता आणि निखाऱ्यासारखा लाल होता, असे कोणी सांगितले तर खरे वाटेल काय? पण ते खरे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथली जमीन ठिकठिकाणी फाटली. भेगांतून वितळलेला दगड वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. थरावर थर साचून हा मुलूख तयार झाला.

आपल्या पायाखालची ती आग केव्हाच विझली. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच. तो अंदमानच्या समुद्रात, बॅरन नावाच्या बेटावर आहे. तेथे वस्ती नाही. पण सगळ्या जगाचे असे नाही. इंडोनेशिया, फिलिपाईन्स, जपान, इटली, कोलंबिया अशा देशांत आगीच्या डोंगरांच्या कुशीतच गावे आहेत. ज्वालामुखीपासून १०० किलोमीटरच्या आत राहणारे लोक जगात सुमारे ८० कोटी आहेत.

तुम्ही म्हणाल, मग हे लोक तेथे राहतात तरी कशाला? अहो, डोंगराची राख पडून पडून तेथली जमीन फार सुपीक होते. पीक भरघोस येते. डोंगर शंभर शंभर वर्षे गप्प असतो. पोटाला भाकर देणारी जमीन सोडून कोण जाईल?

म्हणून प्रश्न असा, की डोंगर उठायच्या आधी माणसाला ते कळेल काय?

इशारा होता, पण पोचला नाही

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तेथे नेवादो देल रुईस हा उंच ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर बारा महिने बर्फ असते. सन १९८५ मध्ये हा डोंगर धुमसू लागला. शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला. कोणत्या नदीतून चिखलाचा लोंढा येईल, कोणती गावे त्या वाटेत आहेत, हे त्यात दाखवले होते. आर्मेरो हे शहर त्या वाटेतच होते.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. गरम राखेने माथ्यावरचे बर्फ वितळले. पाणी, राख, माती, धोंडे यांचा लोंढा नदीच्या पात्रातून धावत सुटला. आर्मेरोला पोचायला त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्यात माणसे जवळच्या उंचवट्यावर चालत गेली असती तरी वाचली असती. पण शहर सोडा, असा स्पष्ट हुकूम लोकांपर्यंत वेळेवर गेला नाही. सुमारे २३,००० माणसे चिखलात गाडली गेली.

नकाशा तयार होता, पण तो कागदावरच राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

डोंगर आधी खुणा करतो

तव्यावर भाकरी टाकली की आत वाफ कोंडते आणि भाकरी टम्म फुगते. डोंगराचेही तसेच. खोल जमिनीत वितळलेला दगड असतो. त्याला शिलारस म्हणू. हा शिलारस वर सरकू लागला, की डोंगर चार प्रकारच्या खुणा करतो.

पहिली खूण म्हणजे बारीक बारीक भूकंप. शिलारस वाट काढताना आतले खडक तडकतात. दुसरी खूण म्हणजे जमीन फुगणे. तिसरी खूण म्हणजे गंधकाचा वायू जास्त सुटणे. चौथी खूण म्हणजे माथ्यावरची जमीन तापणे.

या खुणा पकडायला डोंगरावर यंत्रे बसवावी लागतात. पण गेल्या दहाबारा हजार वर्षांत कधी ना कधी जागे झालेले ज्वालामुखी जमिनीवर सुमारे तेराशे आहेत. प्रत्येकावर यंत्रे बसवणे, ती राखणे, तेथे माणसे ठेवणे, हे गरीब देशांना झेपत नाही. शिवाय डोंगर उसळला तर पहिली यंत्रेच जळून जातात. मग पहारा ठेवायचा कोठून? आकाशातून.

आकाशातला पहारेकरी

माणसाने आकाशात सोडलेले उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. काही उपग्रह उष्णता ओळखतात. काही गंधकाचा वायू मोजतात. फिलिपाईन्समधला पिनातुबो १५ जून १९९१ रोजी फुटला, तेव्हा त्याने सुमारे २ कोटी टन गंधकाचा वायू आकाशात उडवला. तो उपग्रहांनीच मोजला.

पण सर्वांत कामाचे म्हणजे रडारवाले उपग्रह. घाटात उभे राहून हाक मारली, की समोरच्या कड्यावरून ती परत येते. कडा जवळ असेल तर लवकर येते, लांब असेल तर उशिरा येते. रडारचा उपग्रह अशीच हाक मारतो. त्याची हाक आवाजाची नसते, रेडिओच्या लाटेची असते. लाट जमिनीवर आपटते आणि परत येते. लाटेला रात्र आडवी येत नाही, ढग आडवा येत नाही, धूरही आडवा येत नाही.

आता गंमत पाहा. उपग्रह काही दिवसांनी फिरून त्याच जागेवर येतो आणि पुन्हा हाक मारतो. मधल्या दिवसांत डोंगर थोडा जरी फुगला, तरी जमीन उपग्रहाच्या तेवढी जवळ येते. परत आलेल्या लाटेत फरक पडतो. दोन्ही वेळच्या लाटा ताडून एक चित्र काढतात. डोंगर फुगला असेल तर चित्रात रंगीत कडी उमटतात, कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी. युरोपच्या सेंटिनेल नावाच्या उपग्रहाच्या चित्रात एक कडे म्हणजे सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा फरक. शेकडो किलोमीटर उंचीवरून दोन बोटांचा फरक कळतो, बरं का!

या कामात आपला देशही आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून निसार हा उपग्रह सोडण्यात आला. तो भारताच्या इस्रोने आणि अमेरिकेच्या नासाने मिळून बनवला. दर बारा दिवसांनी तो त्याच वाटेवरून पुन्हा जातो. त्याची एक लाट चांगली लांब आहे, जवळजवळ वीतभर. ती झाडाच्या पाल्यातून खालच्या जमिनीपर्यंत जाते. रानाने झाकलेल्या डोंगरांवर नजर ठेवायला ती उपयोगी पडते.

मेरापीची गोष्ट

इंडोनेशियात जावा बेटावर मेरापी पर्वत आहे. तिकडच्या भाषेत आपी म्हणजे आग. त्याच्या उतारावर दाट वस्ती आहे. शेती आहे, दुभती जनावरे आहेत.

सन २०१० च्या ऑक्टोबरात मेरापी कुरकुरू लागला. २५ तारखेला सर्वांत वरचा इशारा दिला गेला. जवळच्या लोकांना घरे सोडण्यास सांगितले. २६ तारखेला पहिला उद्रेक झाला. त्यात डोंगराचे राखणदार म्हणून मानले जाणारे वृद्ध मारिजान मरण पावले. त्यांनी डोंगर सोडायचे नाकारले होते. त्यांच्या गावातली इतर माणसेही गेली.

पुढे डोंगर ढगांनी आणि धुराने झाकून गेला. खालून काही दिसेना. तेव्हा कॅनडा, जर्मनी यांच्या रडारवाल्या उपग्रहांनी वरून पाहिले. माथ्यावर थिजणाऱ्या शिलारसाचा घुमट झपाट्याने वाढत होता. दर सेकंदाला सुमारे २५ घनमीटर नवा रस वर येत होता. म्हणजे पाण्याचे मोठे अडीच टँकर, तेही दर सेकंदाला!

इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याचे प्रमुख सुरोनो यांच्यापुढे दोन्ही गोष्टी होत्या, भूकंपाच्या यंत्रांची नोंद आणि उपग्रहांची चित्रे. धोक्याची हद्द १० किलोमीटरवरून १५ वर नेली. मग २० वर नेली. ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा उद्रेक झाला. तापलेली राख आणि वायू यांचे लोट १५ किलोमीटरच्याही पुढे गेले.

त्या वेळी साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. हे दुःख मोठेच आहे. पण साडेतीन लाखांहून अधिक लोक आधीच बाहेर पडले होते. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने निदान दहा ते वीस हजार जीव वाचले. आर्मेरोत नकाशा कागदावर राहिला, मेरापीवर चित्राचा हुकूम झाला. फरक येथे आहे.

यंत्राला अक्षरओळख

मेरापीची चित्रे माणसांनी डोळ्यांनी पाहिली. एका डोंगरासाठी ते जमते. पण शेकडो डोंगरांची हजारो चित्रे रोज येऊ लागली तर ती कोण पाहणार? म्हणून आता हे काम संगणकाला शिकवत आहेत.

संगणक कसा शिकतो? तुम्ही अक्षरे शिकलात तसाच. 'घ' आणि 'ध' पहिल्यांदा सारखेच वाटले असतील. गुरुजींनी फळ्यावर काढले, पाटीवर काढले, पुस्तकात दाखवले. तुम्ही चुकलात, त्यांनी दुरुस्त केले. पुष्कळ वेळा पाहून डोळा बसला. आता कोणाच्याही हातचा 'ध' तुम्ही ओळखता. संगणकालाही अशीच हजारो चित्रे दाखवतात. हे फुगलेल्या डोंगराचे, हे न फुगलेल्याचे, असे सांगतात. तो चुकला की आपला हिशेब थोडा बदलतो. असे करता करता तो नवे चित्र आपले आपण ओळखू लागतो. याला मशीन लर्निंग म्हणजे यंत्राचे शिकणे म्हणतात.

यातही एक 'घ' आणि 'ध' आहेच. हवेत दमटपणा जास्त असला तर लाट थोडी रेंगाळते आणि चित्रात खोटी कडी उमटतात. डोंगर असतो तसाच, पण फुगल्यासारखा दिसतो. हा फरक यंत्राला शिकवणे सर्वांत अवघड.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सन २०१८ मध्ये असा प्रयोग जगापुढे ठेवला. ९०० हून अधिक ज्वालामुखींची ३०,००० हून अधिक चित्रे संगणकाने चाळली. त्यातून त्याने सुमारे १०० निवडली. माणसांनी ती तपासली तेव्हा निदान ३९ खरी निघाली. तुम्ही म्हणाल, मग बाकीची फुकट गेली. पण विचार करा. तीस हजार चित्रे पाहण्याऐवजी माणसाला शंभरच पाहावी लागली. सुपाने पाखडून धान्य हातात दिल्यासारखे झाले. उरलेले खडे माणसाने वेचायचे.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे

डोंगर फुगला म्हणजे फुटेलच, असे नाही. शास्त्रज्ञांनी १९८ ज्वालामुखींची १८ वर्षांची उपग्रहांची नोंद तपासली. त्यांपैकी ५४ डोंगरांची जमीन हलली होती. त्या ५४ पैकी २५ फुटले, बाकीचे फुटले नाहीत. शिलारस वर येता येता आतच थांबतो, असेही होते. उलट, काही डोंगर न फुगताही फुटतात.

म्हणून अमुक वारी अमुक वाजता डोंगर फुटेल, असे यंत्र सांगत नाही. धोका वाढला आहे, येथे नीट लक्ष द्या, एवढेच ते सांगते. गाव हलवायचे की नाही, हे माणसांनीच ठरवायचे. तो निर्णय सोपा नसतो. गाव हलवले आणि डोंगर गप्प राहिला, तर लोकांचे नुकसान होते. पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. गाव हलवले नाही आणि डोंगर उठला, तर आर्मेरो होते.

आणि हुकूम झाला तरी गुरांचे काय? मेरापीवर काही लोक वैरण घालायला परत वर जात. गुरे म्हणजे त्यांचा संसारच. म्हणून शहाणे सरकार माणसांबरोबर जनावरांचीही सोय पाहते.

उपग्रहाने पाहिले, यंत्राने निवडले, शास्त्रज्ञाने ओळखले, सरकारने सांगितले, आणि गावकऱ्याने ऐकले. ही पाच कड्यांची साखळी आहे. एक कडी तुटली तर बाकीच्या चार व्यर्थ. शेवटची कडी गावकऱ्याच्या हातात असते. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पण पूर आहे, वादळ आहे, दरड आहे. त्यांचेही इशारे येतात, नकाशे निघतात. चावडीवर असा कागद लागला, तर आता तुम्हांला तो वाचता येतो. तो वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

सांगा पाहू

१. ज्वालामुखी फुटण्याआधी कोणत्या चार खुणा करतो?
२. ढग आणि धूर असतानाही रडारला डोंगर कसा दिसतो?
३. आर्मेरो आणि मेरापी येथे काय वेगळे घडले?
४. आपल्या गावाला कशाचा धोका आहे? त्याचा इशारा आपल्यापर्यंत कसा पोचतो?