सभागृहाचे रुग्णालय होताना

मुंबईत वरळीला एन. एस. सी. आय.चे घुमटाकार क्रीडागृह आहे. कबड्डीचे सामने, गाण्यांचे कार्यक्रम, मोठमोठे समारंभ यांसाठी ते लोकांच्या परिचयाचे. २०२० सालच्या एप्रिल महिन्यात तेथे खेळाडूंच्या जागी खाटा आल्या. करोनाची साथ पसरत होती आणि शहरातील रुग्णालये अपुरी पडू लागली होती. मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुमारे एक हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय पंधरवड्यात उभे राहिले. ऑगस्टमध्ये पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांची सोय झाली. त्यापूर्वी फेब्रुवारीत चीनमधील वुहान शहरात क्रीडागृहे आणि प्रदर्शनगृहे ताब्यात घेऊन अशी १६ रुग्णालये उघडण्यात आली होती. त्यांत मिळून सुमारे १३,००० खाटा होत्या.

या बातम्या आपण वाचल्या, तेव्हा आपल्या लक्षात राहिला तो खाटांचा आकडा. पण विद्यार्थिमित्रहो, खाट आणि गादी म्हणजे रुग्णालय नव्हे. लग्नाच्या कार्यालयात एका रात्रीत दोनशे गाद्या घालता येतात. त्या गाद्यांवर आजारी माणसे झोपवली, तर त्यांना जिवंत ठेवणाऱ्या गोष्टी कोठून येणार? हा प्रश्न वैद्यकाइतकाच भौतिकीचाही आहे.

साठा आणि प्रवाह

नळाखाली बादली ठेवा. बादलीत पाणी किती आहे हा झाला साठा. नळातून दर मिनिटाला पाणी किती येते हा झाला प्रवाह. खाटांची संख्या हा साठ्याचा आकडा आहे. रुग्णाला मात्र दर मिनिटाला ऑक्सिजन हवा, दर सेकंदाला शुद्ध हवा हवी, अखंड वीज हवी, दररोज पाणी हवे आणि प्रत्येक पाळीला जवळ माणूस हवे. हे सारे प्रवाहाचे आकडे आहेत. यांपैकी एक प्रवाह जरी थांबला, तरी खाट रिकामी असूनही निरुपयोगी ठरते.

हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या जिल्ह्याच्या गावी बंदिस्त क्रीडागृह आहे. त्याची लांबी ६० मीटर, रुंदी ३० मीटर आणि उंची १० मीटर आहे. तेथे २०० रुग्णांची सोय करायची आहे. जमिनीचे क्षेत्रफळ १,८०० चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला ९ चौरस मीटर जागा येते. खाट, तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि ढकलगाडी जाण्याची वाट यांचा विचार करता जागा पुरेशी दिसते. आता एकेक प्रवाह तपासू.

ऑक्सिजनचा हिशेब

श्वास घेण्यास बराच त्रास होणाऱ्या रुग्णाला मिनिटाला साधारण १० लिटर ऑक्सिजन लागतो असे धरू. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला १४,४०० लिटर ऑक्सिजन हवा.

रुग्णालयातील उंच सिलिंडर तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत सुमारे ४७ लिटर जागा असते. वायू मात्र वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाने भरलेला असतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे हा वायू बाहेर साध्या दाबाला आला की त्याचे आकारमान ४७ × १५०, म्हणजे सुमारे ७,००० लिटर होते. मिनिटाला १० लिटर या दराने हा सिलिंडर ७०० मिनिटांत, म्हणजे बारा तासांच्या आतच रिकामा होतो.

सर्वच्या सर्व २०० रुग्णांना एवढा ऑक्सिजन द्यावा लागला तर? दिवसाला २८ लाख ८० हजार लिटर, म्हणजे ४११ सिलिंडर. दर साडेतीन मिनिटांना एक सिलिंडर बदलायचा, तोही रात्रंदिवस! पन्नास किलोहून अधिक वजनाचे हे लोखंडी नळकांडे उचलून आणणे, जोडणे, रिकामे परत पाठवणे आणि भरून आणणे हे या गतीने किती दिवस चालेल?

म्हणून मोठ्या रुग्णालयांत द्रवरूप ऑक्सिजन वापरतात. उणे १८३ अंश सेल्सियसला ऑक्सिजनचा द्रव होतो. हा द्रव एक लिटर घेतला, तर त्यापासून नेहमीच्या तपमानाला सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. आपल्या २८ लाख ८० हजार लिटरांसाठी सुमारे ३,३५० लिटर द्रव पुरे. दीड मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत तो मावेल! ही टाकी म्हणजे एक प्रचंड थर्मास असतो. तिला दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते. द्रव बाहेर काढून पंखे असलेल्या धातूच्या नळ्यांतून सोडतात. भोवतालच्या हवेतील उष्णता घेऊन त्याचा वायू होतो. या नळ्यांवर भर उन्हाळ्यातही बर्फ साचलेला दिसतो तो यामुळेच.

टाकी उभी राहिली म्हणजे काम संपत नाही. वायू शेवटच्या खाटेपर्यंत पोचला पाहिजे. नळी बारीक घेतली की दाब वाटेतच खर्च होतो. वेगाने वाहणाऱ्या वायूच्या बाबतीत नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच प्रवाहासाठी दाबातील घट सुमारे बत्तीसपट होते. म्हणजे टाकीजवळच्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन आणि टोकाच्या रुग्णाला जेमतेम, अशी स्थिती येऊ शकते. शिवाय नळ्या आतून तेलकट असून चालत नाहीत, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल सहज पेट घेते.

एकाच टाकीवर विसंबणेही धोक्याचे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील एका रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली आणि नळ्यांतील दाब घसरला. त्या दुर्घटनेत किमान २२ रुग्ण प्राणास मुकले. टाकीत साठा होता, पण प्रवाह खंडित झाला होता. यासाठीच मुख्य टाकीमागे सिलिंडरांची राखीव फळी, दाब कमी होताच वाजणारी घंटा आणि ती ऐकून काय करायचे हे जाणणारा माणूस, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून असाव्या लागतात.

हवा खेळती आहे का?

श्वसनाच्या आजारात रुग्णाच्या श्वासाबरोबर सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. ते हवेत साचू द्यायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सामान्य वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा यावी. जेथे उपचार करताना असे तुषार अधिक उडतात, तेथे हा आकडा १६० लिटर आहे.

आपल्या २०० रुग्णांसाठी सेकंदाला १२,००० लिटर, म्हणजे १२ घनमीटर हवा लागेल. तासाला होते ४३,२०० घनमीटर. क्रीडागृहाचे आकारमान १८,००० घनमीटर आहे. याचा अर्थ तेथील सर्व हवा तासाला २.४ वेळा बदलली पाहिजे. आता ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा शाळेच्या वर्गाचा विचार करा. तेथे सहा खाटा घातल्या, तर तीच गरज भागवण्यासाठी तासाला जवळजवळ आठ वेळा हवा बदलावी लागते. उंच छताच्या जागेचा हा मोठा फायदा.

ही हवा आणायची कशी? खिडक्यांतून अर्धा मीटर प्रतिसेकंद या मंद वेगाने हवा आत येत असेल, तर १२ घनमीटरसाठी २४ चौरस मीटर उघडी जागा लागेल, आणि बाहेर जाण्यासाठी समोरच्या बाजूला साधारण तेवढीच. अनेक नव्या सभागृहांना खिडक्याच नसतात. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा गार करून पुन्हा आत फिरवते. ते सुखद वाटते, पण त्याला वायुवीजन म्हणता येणार नाही. अशा जागी बाहेर हवा फेकणारे पंखे बसवल्याशिवाय रुग्ण आणू नयेत.

वीज आणि आग

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे छोटे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्यातील झिओलाइट नावाचा पदार्थ नायट्रोजनला धरून ठेवतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. मिनिटाला ५ लिटर देणारे यंत्र सुमारे ३५० वॅट वीज घेते. अशी १०० यंत्रे लावली, तर ३५ किलोवॅट. २३० व्होल्टने भागल्यास विद्युत्प्रवाह सुमारे १५० अँपिअर येतो. तो तिन्ही फेजमध्ये सारखा वाटला, तरी प्रत्येकीत ५० अँपिअर झाले. घरगुती बोर्डाला लांब वायर जोडून हा भार पेलणार नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट.

नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. गळतीमुळे हे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी कापड आणि गादी झपाट्याने पेटतात. तापलेली वायर आणि साचलेला ऑक्सिजन ही जोडी म्हणजे आगीला आमंत्रणच. खेळती हवा येथेही उपयोगी पडते.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू होण्यास काही सेकंद लागतात. पंख्याला ते चालते, कृत्रिम श्वसनयंत्राला चालत नाही. त्या सेकंदांसाठी बॅटरी हवी. आणखी एक साधी गोष्ट. क्रीडागृहाचे दिवे उभ्या खेळाडूंसाठी लावलेले असतात. उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत ते थेट चमकतात. रात्री मंद होणारे दिवे ही चैन नसून झोपेची गरज आहे.

पाणी, वाट आणि माणसे

दाखल रुग्णामागे दिवसाला किमान ४० ते ६० लिटर पाणी आणि वीस रुग्णांमागे एक शौचालय असा दंडक आहे. आपल्याला सुमारे १२,००० लिटर पाणी आणि १० शौचालये लागतील, तीही पायऱ्या न चढता गाठता येतील अशी. वाटांचीही आखणी करावी लागते. कर्मचारी स्वच्छ भागातून आत येतात, संरक्षक पोशाख घालतात, रुग्णांकडे जातात आणि दुसऱ्याच वाटेने पोशाख उतरवून बाहेर पडतात. दोन्ही वाटा एकमेकींस छेदू देत नाहीत.

शेवटचा प्रवाह माणसांचा. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली, तर प्रत्येक पाळीला ३४ जणी लागतात. आठवड्याच्या पाळ्या २१. प्रत्येकीने आठवड्याला सहा पाळ्या केल्या, तरी ११९ परिचारिका हव्यात. अतिदक्षता विभागात तर एका रुग्णाजवळ सतत एक परिचारिका असणे उत्तम. लंडनमधील एक्सेल प्रदर्शन केंद्रात अवघ्या नऊ दिवसांत रुग्णालय तयार करण्यात आले आणि ३ एप्रिल २०२० रोजी ते उघडले. योजना होती ४,००० खाटांपर्यंतची. पहिल्या लाटेत प्रत्यक्षात तेथे पन्नासच्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. शहरातील नेहमीच्या रुग्णालयांनी आपल्या खाटा वाढवल्या हे एक कारण, आणि प्रशिक्षित परिचारिकांची टंचाई हे दुसरे. खाटा नऊ दिवसांत तयार होतात, परिचारिका तयार होण्यास वर्षे लागतात.

वाऱ्याचा दाब

मैदानावरील मांडवाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. त्याआधी वांद्रे-कुर्ला संकुलातील सुमारे दीडशे रुग्णांना पक्क्या बांधकामाच्या जागी हलवण्यात आले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईतील तीन मोठ्या तात्पुरत्या केंद्रांतून सुमारे ५८० रुग्ण असेच हलवावे लागले.

हा निर्णय का घेतला गेला, ते आकड्यांत पाहू. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेच्या घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर घेतल्यास दाब ५४० न्यूटन प्रतिचौरस मीटर येतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५५ किलोचा भार. दहा मीटर लांब आणि चार मीटर उंच अशा एका कापडी भिंतीवर दोन टनांहून अधिक! त्या भिंतीच्या आड ऑक्सिजनच्या नळ्या जोडलेले रुग्ण होते हे लक्षात घेतले, म्हणजे त्यांना आधीच हलवणे किती शहाणपणाचे होते ते कळते.

आपले सभागृह मोजा

संकट आल्यावर जागा शोधणे सोपे असते, पण प्रवाह तयार करण्यास वेळ लागतो. आधी तयारी असेल तर हा वेळ वाचतो. नवे सभागृह बांधतानाच उतरती वाट, मोठ्या भाराची वीजजोडणी, टाकीसाठी पक्का चौथरा आणि पुरेशा खिडक्या ठेवल्या, तर त्यांचा नेहमीच्या समारंभांनाही उपयोगच होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला, तेव्हा कितीतरी शाळा पूरग्रस्तांची घरे झाल्या. तुमच्या शाळेवरही अशी वेळ येऊ शकते.

म्हणून शिक्षकांच्या मदतीने एक प्रकल्प करा. शाळेच्या सभागृहाची लांबी, रुंदी, उंची मोजा. उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ काढा. उदबत्ती लावून तिचा धूर कोणत्या कोपऱ्यात घुटमळतो ते पाहा. पाण्याच्या टाकीचे आकारमान, शौचालयांची संख्या आणि मीटरवर लिहिलेली विजेची क्षमता नोंदवा. चाकांची खुर्ची फाटकापासून आतपर्यंत पायरी न लागता जाते का, ते प्रत्यक्ष ढकलून बघा. मग प्रत्येक प्रवाहावरून वेगवेगळे गणित करा, की तेथे किती रुग्णांची सोय होईल. प्रत्येक वेळी निराळे उत्तर येईल. त्यांतील सर्वांत लहान उत्तर हीच तुमच्या सभागृहाची खरी क्षमता. ते एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्या. अडचणीच्या दिवशी तो कागद कोणाच्या तरी उपयोगी पडेल.