तबला, बँजो आणि डबल बास: तिघं ‘एकत्र’ येतात म्हणजे नेमकं कधी?

संशोधनाकडे वळणाऱ्या बहुतेकांकडे सुरुवातीला विषय नसतो, आवड असते. ‘मला संगीत आणि मेंदू यावर काहीतरी करायचंय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न तोंडात तयार असतो: काहीतरी म्हणजे काय मोजणार? या प्रश्नाला बरेच जण दबकतात. मोजायला गेलं की मजा जाते, असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, आणि तो समजावून सांगायला माझ्या फार आवडीचं एक त्रिकूट घेतो.

तबल्यावर उस्ताद झाकीर हुसेन, बँजोवर बेला फ्लेक आणि डबल बासवर एडगर मेयर. नॅशविलमधलं शेर्मरहॉर्न सिम्फनी सेंटर 2006 साली उघडलं, तेव्हा या तिघांनी ऑर्केस्ट्रासह वाजवायची एक रचना मिळून लिहिली. पुढे 2009 मध्ये ‘द मेलडी ऑफ ऱ्हिदम’ हा अल्बम आला. त्यात ती रचना आहे आणि फक्त तिघांचे तुकडेही आहेत. 2023 च्या ‘अ‍ॅज वी स्पीक’मध्ये राकेश चौरसियांची बासरी आली, आणि त्याला 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं. मी प्रत्यक्ष ऐकलं ते या चौघांना. तरी आज बोलणार तिघांबद्दलच, आणि त्याला कारण आहे. तीन वादक असले की जोड्या होतात तीन. चौथा आला की सहा. आणि दोनच असले तर एक वेगळीच अडचण येते: दोघांत 20 मिलिसेकंदांचा फरक पडला, तर पुढे कोण गेलं की मागे कोण राहिलं हे कळायला मार्ग नाही, नुसता फरक कळतो. तिसरा आला की निदान दोन विरुद्ध एक अशी तुलना करता येते. (बहुमत म्हणजे बरोबर, असं मात्र नाही. लय तो एकटाच धरून असेल, कोण जाणे.)

आता वाद्यांकडे या. बँजोची घोडी लाकडावर नाही, ताणलेल्या पडद्यावर बसते. म्हणून त्याचा स्वर टणत्कारासारखा उठतो आणि लवकर विरतो. पाच तारांच्या बँजोत पाचवी तार आखूड असते, सतारीच्या चिकारीसारखी मधूनमधून वाजत राहते. आपल्या कानाला बँजो ‘परका’ वाटत नाही याचं एक कारण मला हे वाटतं. तबल्याचं तर आणखी नवल. साध्या गोल चामड्याच्या वाद्यातून सुरेल स्वर निघत नाही, कारण त्याची कंपनं एकमेकांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात. शाईच्या वजनामुळे तबल्यात ती प्रमाणात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये मांडलं आणि 1934 मध्ये सविस्तर लिहिलं. म्हणून तबला या मैफलीत नुसता ठेका धरत नाही, स्वरांच्या गप्पांत भाग घेतो. डग्ग्यावर तळहाताची टाच घासत नेली की बासच्या खालच्या स्वरांना उत्तर देता येतं. झाकीरभाई हे फार मिस्कीलपणे करायचे.

आणि डबल बास. मेयर तो बोटांनी छेडतात, पण त्यांची ओळख आहे ती गजाने वाजवण्यात. इथेच आपला प्रश्न सुरू होतो.

तबल्यावर ‘ना’ वाजला की आवाज काही मिलिसेकंदांत शिखरावर जातो. बँजोचंही तसंच. गजाने काढलेला बासचा खालचा स्वर मात्र फुगत फुगत येतो, कधी पन्नास मिलिसेकंद घेतो, कधी शंभर. साध्या जुळणीत बासची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, म्हणजे तिचं एक कंपनच जवळपास 24 मिलिसेकंदांचं. तबल्याचा बोल शिखरावर पोचतो तेव्हा बासच्या तारेचा पहिला हेलकावाही पुरा झालेला नसतो! तरी तिघं तिहाई घेऊन समेवर येतात आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम हलतात. मग ‘एकत्र आले’ म्हणजे काय एकत्र आलं? ध्वनीची सुरुवात? शिखर? की ऐकणाऱ्याला जिथे ‘आला’ असं वाटतं तो क्षण?

मोजायच्या प्रश्नाने मजा जात नाही म्हणतो ते यासाठी. या प्रश्नाआधी मला त्या समेवर नुसता ‘वा!’ सुचायचा. आता तीच जागा आली की मी बासकडे कान लावून बसतो.

ध्वनीशास्त्रात या तीन क्षणांना वेगळं मानतात. ध्वनीलहर जिथून सुरू होते तो भौतिक आरंभ. जिथे स्वर ‘पडला’ असं भासतं तो जाणवणारा आरंभ. हळू उठणाऱ्या आवाजात हा दुसरा क्षण पहिल्याच्या बराच मागे असतो. ऑस्लो विद्यापीठात अ‍ॅन डॅनिएल्सन आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आहेत: आवाज हळू उठणारा असेल तर त्याचा ठोका लोक उशिरा मानतात, आणि शिवाय तो नेमका कुठे आहे याबद्दल त्यांचं आपसात कमी जमतं. म्हणजे तबल्याचा ठोका एक टिंब असेल, तर गजाच्या बासचा ठोका एक पट्टा आहे. टिंबाबरोबर पट्टा जुळवायचा असेल तर बासवाल्याला गज आधी ओढायला लागतो. कागदावर तो ‘चुकलेला’ दिसेल, कानाला नेमका वाटेल.

इथे थांबून संशोधनाच्या दृष्टीने बघा काय झालं. तुम्ही ‘भौतिक आरंभ’ ही व्याख्या घेतलीत तर निष्कर्ष निघेल: मेयर सतत पुढे वाजवतात. ‘जाणवणारा आरंभ’ घेतलात तर निघेल: तिघं समान आहेत. डेटा तोच, वादक तेच, आणि निष्कर्ष उलटे. व्याख्या कुठली घेतली हे प्रपोजलच्या कोपऱ्यात लिहायची गोष्ट नाही, अर्धा प्रबंध त्यावर उभा असतो. व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो, आणि यावा.

यावर जुनं काम बरंच आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. रुडॉल्फ राश यांनी 1979 मध्ये व्यावसायिक त्रिकूटांचाच अभ्यास केला: एक रेकॉर्डरचं, एक रीडवाद्यांचं, एक तंतुवाद्यांचं. एकत्र यायला हव्या अशा स्वरांच्या आरंभातला फरक साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांच्या पसाऱ्यात निघाला. आकडा ऐकून ‘एवढासा’ वाटेल. पण मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत चौपट वाजवलं तर दोन अक्षरांतलं अंतरच 94 मिलिसेकंद असतं. त्याच्यापुढे 30 म्हणजे जवळपास एक तृतीयांश! राश यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं: हा बारीक फरक दोषच असतो असं नाही. स्वर किंचित मागेपुढे पडल्यामुळे कान ते वेगळे ओळखू शकतो. अगदी एका क्षणी पडले तर ते एकमेकांत विरघळतील.

पण सावध. यावरून ‘बारीक चुका म्हणजेच रंगत’ असं झटकन म्हणू नका. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स कील यांनी 1987 मध्ये साधारण अशा दिशेचा विचार मांडला. वादकांनाही तो आवडतो, मलाही आवडायचा. पुढे प्रयोग झाले तेव्हा काहींमध्ये उलटं दिसलं: ड्रमचे ठोके संगणकाने काटेकोर जागेवर बसवलेले असताना श्रोत्यांनी त्यांनाच वरचे गुण दिले. मला वाटतं वाद अजून मिटलेला नाही, आणि आपल्या तालांवर तर तो नीट मांडलाही गेलेला नाही. थीसिसला जागा आहे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न: कोण कोणाला सांभाळून घेतं? आपल्याकडे ‘साथ’ हा शब्दच हे नातं सांगतो. मोजायचं कसं? 2014 मध्ये अ‍ॅलन विंग आणि सहकाऱ्यांनी दोन नामांकित स्ट्रिंग क्वार्टेट घेतली आणि हायडनच्या रचनेतला एक छोटा तुकडा त्यांच्याकडून पुनःपुन्हा वाजवून घेतला. कल्पना सोपी आहे. या स्वराला मी तुमच्या 20 मिलिसेकंद मागे पडलो. पुढच्या स्वराला मी त्यातलं किती भरून काढतो? सगळं, निम्मं, की काहीच नाही? हे प्रमाण प्रत्येक जोडीसाठी दोन्ही दिशांनी काढायचं. एका क्वार्टेटमध्ये पहिली व्हायोलिनवादक इतरांशी जुळवून घेण्यापेक्षा इतर तिच्याशी जास्त जुळवून घेत होते. दुसऱ्यात सगळे सारखेच सरकत होते. घराघरांतही असंच असतं, पण ते सोडा.

ही पद्धत उचलून आपल्या त्रिकूटाला लावता येईल का? सरळ नाही. हायडनमध्ये कुठले दोन स्वर एकत्र यायचे ते छापलेलं आहे. इथे झाकीरभाई मुद्दाम मात्रेच्या आड वाजवतात, फ्लेक सम सोडून पुढच्या अक्षरावर उतरतात. तो फरक चूक आहे, खेळ आहे की उत्तर आहे, हे लहर बघून कळत नाही. तालाचं ज्ञान असलेल्या माणसाला बसून खुणा कराव्या लागतात. शिवाय तुकडा एकदाच वाजतो, पुन्हा तसा वाजत नाही. मार्टिन क्लेटन आणि त्यांच्या डरम विद्यापीठातल्या गटाने यावर एक वाट काढली आहे: उत्तर हिंदुस्थानी मैफली प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक घेऊन रेकॉर्ड केल्या, हाताने खुणा तपासल्या आणि तो संग्रह संशोधकांसाठी खुला केला. त्यात माली, क्यूबा, उरुग्वेचं संगीतही आहे. आपल्या जवळ, आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाचं हिंदुस्थानी संगीताच्या संगणकीय विश्लेषणावर मोठं काम आहे. स्वतःचा डेटा गोळा करायच्या आधी हे दोन दरवाजे जरूर वाजवा.

वेगळा ट्रॅक का हवा? कारण मिसळलेल्या रेकॉर्डिंगमध्ये डग्गा आणि बास एकाच पट्ट्यात गुरगुरतात, वेगळे काढणं कठीण. आणि स्टुडिओतल्या अल्बमवर संपादनाचा हात फिरलेला असू शकतो. मग तुम्ही वादक मोजताय की ध्वनिमुद्रक?

आता डोळ्यांचं. प्रत्यक्ष मैफलीत आपण ऐकतो तेवढंच बघतो, आणि बघितलेलं ऐकण्यात मिसळतं. मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकॉम्ब यांनी 2007 मध्ये मारिंबावर दाखवलं की वादकाने हात लांब फिरवला तर स्वर लांब ऐकू येतो. ध्वनी तेवढाच असतो. चिया-जुंग त्साय यांचा 2013 चा प्रयोग त्याहून गाजला: पियानो स्पर्धेतल्या तीन स्पर्धकांपैकी विजेता ओळखा. नुसता आवाज ऐकून लोकांना जमलं नाही, मूक व्हिडिओ बघून मात्र निम्म्याच्या आसपास वेळा जमलं. तो पेपर वाचलात तर 2018 चा त्याच्या फेरतपासणीचा पेपरही वाचा. परिणाम पुन्हा मिळाला, पण स्पर्धकांच्या जोड्या वेगळ्या निवडल्या की तो डळमळला.

सभागृहात आणखी एक गंमत असते. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मंचापासून 20 मीटरवर बसलात तर हात दिसल्यावर सुमारे 58 मिलिसेकंदांनी त्याचा आवाज पोचतो. मी बसलो होतो ती जागा साधारण तेवढीच लांब होती आणि मला काही खटकलं नाही, मेंदू सांभाळून घेतो. मंचावर तीन मीटर अंतरावरच्या दोघांत हाच उशीर नऊ मिलिसेकंदांचा. तिथे कानाशी स्पीकर नसेल तर तो हिशेबात धरावा लागतो.

उस्ताद झाकीर हुसेन 15 डिसेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गेले. माझ्या शाखेच्या कोरड्या भाषेत सांगायचं तर या त्रिकूटाचा नवा डेटा आता मिळणार नाही. अंगावर सेन्सर लावून, प्रत्येक वाद्याला वेगळा माइक देऊन कोणी त्यांना शंभर तिहाया वाजवायला लावू शकणार नाही. जे आहे ते मुद्रित आहे आणि बहुतेक मिसळलेलं आहे. त्यातून वेळेचे फरक काढता येतील, पण समेच्या आधी कोणाची नजर कोणाकडे वळली हे कॅमेरा जिथे होता तिथपर्यंतच कळेल. म्हणून सध्या जी त्रिकूटं वाजवताहेत, पुण्या-मुंबईतली तरुण मुलंमुली धरून, त्यांच्या मैफली परवानगी घेऊन वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणं हे मला कुठल्याही नव्या अल्गोरिदमपेक्षा तातडीचं काम वाटतं. ऑडिओ इंटरफेस, तीन माइक आणि कलाकारांचा विश्वास, एवढं लागतं. तिसरी गोष्ट सर्वांत महाग.

सुरुवात मात्र आज रात्रीही करता येईल. ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. या तिघांचा एखादा तुकडा विकत घ्या आणि समेवर येणाऱ्या दहा जागा निवडा. तबल्याची खूण सहज करता येईल, लहरीत उभी भिंत दिसते. बँजोचीही जमेल. बासपाशी आलात की भिंत नसेल, नुसता चढ असेल, आणि कर्सर कुठे टेकवायचा ते तुम्हाला ठरवावं लागेल. जिथे टेकवाल तिथे का टेकवलात, ते वहीत एका ओळीत लिहा. मग दुसऱ्या दिवशी ती ओळ न वाचता त्याच दहा जागांवर पुन्हा खुणा करा, आणि दोन दिवसांच्या खुणांतला फरक मिलिसेकंदांत काढा.