मक्याची टॉर्टिया की गव्हाची?

मेक्सिकोच्या उत्तरेकडील सोनोरा किंवा चिवावा प्रांतात खानावळीत जेवायला बसले, की वाढपी हमखास विचारतो, ‘टॉर्टिया मक्याची की गव्हाची?’ आपल्याकडे ‘भाकरी की पोळी’ असे विचारतात, तसाच हा प्रश्न. मक्याच्या बाजूचे लोक म्हणतात, मैद्याच्या टॉर्टियाला चवच नाही. गव्हाच्या बाजूचे म्हणतात, मक्याची टॉर्टिया गार झाली की तुटते. घरोघरी चालणारा हा गमतीचा वाद आहे. मात्र अमेरिकेत याच आवडीनिवडीचा संबंध अनेक वर्षे नवजात बालकांच्या आरोग्याशी जोडला गेला.

मका मूळचा मेक्सिकोचाच. गहू तेथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेला आणि उत्तरेच्या कोरड्या हवेत तो चांगला रुजला. म्हणून उत्तरेत गव्हाची पातळ, मोठी टॉर्टिया आवडीने खाल्ली जाते, तर मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत रोजच्या जेवणात मक्याची लहान टॉर्टिया असते. गव्हाच्या टॉर्टियासाठी मैदा, मीठ, पाणी आणि परंपरेने डुकराची चरबी वापरतात. कारखान्यात आता बहुधा वनस्पती तेल वापरले जाते. मक्याच्या टॉर्टियात मका, पाणी आणि चुना एवढेच असते.

पोषणाच्या हिशेबात मक्याची टॉर्टिया थोडी सरस ठरते. १०० ग्रॅम मक्याच्या टॉर्टियातून साधारण २२० कॅलरी मिळतात, तर बाजारातील मैद्याच्या टॉर्टियातून सुमारे ३००. मैद्याच्या टॉर्टियात मीठ आणि स्निग्धांश जास्त, तंतुमय भाग कमी. आकाराचाही फरक आहे. मक्याची एक टॉर्टिया २५ ते ३० ग्रॅमची असते, तर बुरिटोसाठी वापरली जाणारी मोठी टॉर्टिया ७० ग्रॅमपर्यंत भरते. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. गव्हातील ग्लुटेन ज्यांना सोसत नाही, अशा सिलिअ‍ॅक रुग्णांना शुद्ध मक्याचीच टॉर्टिया चालते. पण चार-पाच मक्याच्या टॉर्टिया तळून, वर चीज घालून खाल्ल्या, तर हा सगळा फायदा संपतो.

चुन्याची करामत

मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी साले चोळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे, ही पद्धत मेक्सिकोत हजारो वर्षांपासून आहे. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि टॉर्टिया न चिरता दुमडते. कॅल्शियमही वाढते. पण सर्वांत मोठा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मक्यातील नायसिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व अशा बांधलेल्या रूपात असते, की आपल्या आतड्यांना ते शोषून घेता येत नाही. चुना ते मोकळे करतो.

युरोपीय लोकांनी मका आपल्या देशात नेला, पण चुन्याची पद्धत नेली नाही. मग ज्या गरिबांच्या ताटात मक्याशिवाय फारसे काही नव्हते, त्यांना पेलाग्रा होऊ लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू, असा हा आजार. स्पेनमधील डॉक्टर गास्पर कासाल यांनी १७३५मध्ये त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने मोठा कहर केला. तो जंतूंमुळे होतो, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून केलेल्या कामातून हा आजार अपुऱ्या आहाराचा असल्याचे दाखवले. अनाथालयातील मुलांच्या जेवणात दूध, अंडी आणि कडधान्ये वाढवताच तो हटला. कमी पडणारा घटक नायसिन आहे, हे १९३७नंतर स्पष्ट झाले.

दख्खनच्या पठारावरही हा आजार होता, तो केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांमध्ये. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये त्याकडे लक्ष वेधले. याचा अर्थ भाकरी वाईट असा नाही. सोबत डाळ, भाजी आणि दूध असेल तर ज्वारी उत्तम धान्य आहे. दोष धान्याचा नव्हता, ताटात दुसरे काही नसण्याचा होता.

आवड एकीकडे, नियम दुसरीकडे

गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर पाठीचा कणा उघडा राहतो, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. काही बाळांच्या मेंदूचा आणि कवटीचा मोठा भाग तयारच होत नाही आणि अशी बाळे जगत नाहीत. आईच्या शरीरात फॉलिक अ‍ॅसिड पुरेसे असेल तर यातील बरीच व्यंगे टळतात, हे ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने १९९१मध्ये सिद्ध केले. अडचण वेळेची आहे. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन बाई दवाखान्यात पोहोचते, तोवर ही नळी बहुधा बंद झालेली असते. म्हणून गोळीची वाट न पाहता रोजच्या पिठातच फॉलिक अ‍ॅसिड मिसळावे, असा विचार पुढे आला.

अमेरिकेने १९९८पासून मैदा, पाव, तांदूळ अशा ‘समृद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्यपदार्थांत ते मिसळणे सक्तीचे केले. त्यामुळे दरवर्षी सुमारे १,३०० बाळे या व्यंगांपासून वाचतात, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. पण टॉर्टियासाठी लागणारे चुना दिलेल्या मक्याचे पीठ या नियमात नव्हते. म्हणजे गव्हाची टॉर्टिया खाणाऱ्या तरुणीला नकळत संरक्षण मिळत होते आणि मक्याची खाणारीला मिळत नव्हते. लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांच्या बाळांमध्ये या व्यंगांचे प्रमाण तेथे आधीपासूनच इतरांपेक्षा अधिक आहे. ज्यांना गरज जास्त, त्यांचेच रोजचे अन्न नियमातून सुटले होते.

मक्याच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळण्याची परवानगी मिळायला २०१६ साल उजाडले, तीही ऐच्छिक. अनेक उत्पादकांनी ती वापरलीच नाही. अखेर कॅलिफोर्निया राज्याने २०२४मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२६पासून तेथे ते सक्तीचे ठरवले. गव्हानंतर मक्याची पाळी यायला २८ वर्षे लागली.

आपल्यासाठी काय?

परदेशातील अनेक मराठी घरांत वेळेअभावी पोळीऐवजी बाजारची टॉर्टिया वापरली जाते. घेताना पाकिटावरील घटक वाचावेत. मीठ किती, चरबी प्राण्यांची की वनस्पतींची आणि फॉलिक अ‍ॅसिड आहे की नाही, हे तिथे कळते.

महाराष्ट्रातही याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. आपल्याकडे समृद्ध केलेली पाकीटबंद कणीक मिळते, तिच्यावर अधिक चिन्हासह ‘एफ’ हे अक्षर असते. पण असंख्य घरांत गहू, ज्वारी आणि बाजरी गिरणीतून दळून आणली जाते. हे पीठ ताजे आणि कोंड्यासह असते, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्यात वरून काहीही मिसळलेले नसते. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट मिळते, तरी गर्भधारणेच्या काळात तेवढ्यावर विसंबू नये.

म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे आणि गर्भारपणाचे पहिले तीन महिने चालू ठेवावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही गोळी मोफत मिळते. आधीच्या बाळाला असे व्यंग असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर मोठी मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. लग्नानंतर घरात पाळण्याची चर्चा सुरू होते, तेव्हाच सासूने किंवा आईने या गोळीची आठवण करून द्यावी. दिवस राहिल्यावर सुरू केलेली गोळीही उपयोगाचीच, पण मज्जारज्जूच्या व्यंगापासून संरक्षण हवे असेल तर ती आधीपासून पोटात जायला हवी.