उजवीकडे शून्यच का हवं?
क्ष² − ५क्ष = ६ हे वर्गसमीकरण सोडवताना अनेक विद्यार्थी डावीकडे क्ष(क्ष − ५) असे अवयव पाडतात आणि ‘क्ष = ६ किंवा क्ष − ५ = ६’, म्हणजे ६ आणि ११, असं लिहून मोकळे होतात. गंमत म्हणजे ६ बरोबर आहे, पण निव्वळ योगायोगाने! ११ ठेवून पाहा: १२१ − ५५ = ६६.

गुणाकार ६ यायला २ × ३ चालतं, १/२ × १२ सुद्धा. शून्य यायला मात्र दोघांपैकी एक शून्य असावाच लागतो. म्हणून आधी सगळं डावीकडे: क्ष² − ५क्ष − ६ = ०. गुणाकार −६, बेरीज −५ अशा संख्या −६ आणि १. म्हणून (क्ष − ६)(क्ष + १) = ०; क्ष = ६ किंवा −१. या बहुपदीचा आलेख क्ष-अक्षाला इथेच छेदतो. −१ चा ताळा: १ + ५ = ६.