आजीचा विसर नातीच्या कपाळी लिहिलेला नसतो

भाताची कापणी उरकली, तुळशीचे लग्न लागले, की मुळशी खोऱ्यात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. मुलगी पसंत पडते, घरही पसंत पडते. मग कोणीतरी हळूच म्हणते, "त्यांच्या म्हातारीला चळ लागलाय म्हणे. पोरीच्या रक्तात ते आलं तर?" आणि जुळत आलेले मोडते.

वाचकहो, एवढ्यावर सोयरीक मोडू नका. म्हातारपणी माणूस घरची वाट विसरतो, जेवल्याचे विसरतो, ते वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वांत मोठा प्रकार अल्झायमर. जर्मनीच्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम मांडला.

तो रक्तातून येतो का? आपले आंबेमोहोर भात पाहा. उंच वाढणे त्याच्या बियाण्यातच असते, म्हणून ते आडवे पडण्याचा धोका जास्त. पण दरवर्षी पडतेच असे नाही. युरिया किती टाकला, वारा किती आला, यावर ते ठरते. माणसाचेही तसेच. आईबापांकडून येणाऱ्या गुणांच्या बियाण्याला जनुक म्हणतात. त्यांतील एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, हे १९९३ साली उघड झाले. तो एका पालकाकडून आला तर धोका सुमारे तिप्पट होतो, दोघांकडून आला तर आणखी बराच वाढतो. तरीही तो असलेल्या कित्येकांना आजार होत नाही, आणि नसलेल्यांना होतो.

आजार थेट वारशाने देणारी तीन जनुके वेगळी आहेत. त्यांत मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पण असे रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत, आणि त्यांचा आजार बहुधा साठीच्या आतच सुरू होतो. एकाच घरात अनेकांना चाळिशी-पन्नाशीत विसर पडू लागला, तर मेंदूच्या तज्ज्ञाला जरूर दाखवा. ऐंशीच्या आजीवरून नातीचे भविष्य ठरवू नका.

देशात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. मग सोयरिकीला बिनडागाचे घराणे आणायचे कुठून?

बियाणे बदलता येत नाही, मशागत आपल्या हाती आहे. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवा. विडी सोडा. ऐकू कमी येत असेल तर कानाचे यंत्र घ्या. मोटारसायकलवर हेल्मेट घाला. मुलींना शिकवा, कारण शिक्षणानेही हा धोका कमी होतो.

आणि आजीला आधी पौडच्या सरकारी दवाखान्यात न्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईड यांनीही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे.

बैठकीत कोणी आजीविषयी विचारले, तर लपवू नका. आजार काय आहे ते सांगा, आणि तिला बाहेर ओटीवर सर्वांत बसवा.