बर्फ यांचा, हिवाळा त्यांचा

अर्जेंटिनात ‘रेवुएल्तो ग्रामाहो’ नावाचा एक पदार्थ मिळतो. अंडी, बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या आणि हॅम एकत्र परतून केलेला, आपल्या भुर्जीच्या कुळातला. हे नाव कुणावरून पडले याबद्दल तिथे दोन मते आहेत. काहींच्या मते ते राष्ट्राध्यक्ष रोका यांचे सहायक कर्नल आर्तेमियो ग्रामाहो यांच्यावरून, तर काहींच्या मते आर्तुरो ग्रामाहो या शौकीन धनिकावरून. पदार्थांच्या नावांचा मागोवा घेण्याच्या माझ्या नादात मी या दुसऱ्या ग्रामाहोपाशी अडलो. त्याच्या नावापुढे नोंद होती: हिवाळी ऑलिंपिक, १९२८, चौथा क्रमांक.

माझा जन्म सांगलीतला. बर्फ पाहिला तो रसवंतीगृहातला, लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी. अर्जेंटिना म्हटले की मलाही फुटबॉल आणि गुराढोरांची विस्तीर्ण कुरणेच आठवत. तिथला माणूस बर्फावरच्या शर्यतीत चौथा आला, याचे नवल वाटून नकाशा उघडला, तेव्हा नवल उलटे झाले. या देशाच्या पश्चिम सीमेवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अँडीज उभा आहे. बर्फाला तोटा नाही. मग १९२८च्या त्या चौथ्या क्रमांकापुढे हा देश का गेला नाही?

आधी ती शर्यत पाहू. स्वित्झर्लंडमधील सेंट मोरित्झ इथे अर्जेंटिना पहिल्यांदाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला, तो बॉबस्लेमध्ये. बर्फाच्या वळणदार घळीतून भरधाव सुटणारी ही घसरगाडी त्या वर्षी पाच जणांची होती. ऐन वेळी बर्फ वितळू लागल्याने फक्त दोनच फेऱ्या झाल्या. अमेरिकेच्या दोन संघांनी पहिले दोन क्रमांक घेतले, जर्मनीने ३ मिनिटे २१.९ सेकंदांत तिसरा. आर्तुरो ग्रामाहोच्या अर्जेंटिनी संघाला लागली ३ मिनिटे २२.६ सेकंदे. कांस्यपदक सात दशांश सेकंदाने हुकले. अर्जेंटिनाचा दुसरा संघ त्यामागोमाग पाचवा आला.

पण या यशात अँडीजचा वाटा जवळजवळ नाही. ही युरोपात ऊठबस असलेली सधन तरुण मंडळी होती. त्या काळी बॉबस्ले हा हौसेचा आणि पैशाचा खेळ होता. जिंकलेल्या अमेरिकी संघातले काही गडीसुद्धा पॅरिसच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन गोळा केलेले, आणि त्यांचा चालक बिली फिस्क अवघा सोळा वर्षांचा! घळ युरोपातली, हंगाम युरोपातला. खिशात पैसा असेल तर ब्युनोस आयर्सचा माणूस आणि न्यूयॉर्कचा माणूस तिथे सारख्याच तयारीने उभे राहू शकत होते.

खुद्द अर्जेंटिनाच्या बर्फाची कहाणी निराळी आहे. नाउएल उआपी सरोवराकाठच्या बारिलोचे गावात १९३१ साली गिर्यारोहण आणि स्कीइंगसाठी क्लब निघाला. १९३६मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने ऑस्ट्रियाच्या हान्स न्योब्ल या स्कीपटूला बोलावून जागा निवडायला सांगितले, आणि त्याने सेरो कातेद्राल हा डोंगर पसंत केला. त्या उतारांवर पिढ्या तयार झाल्या. क्रिस्तियान, मारिया बेलेन आणि माकारेना ही सिमारी बिर्कनेर भावंडे या शतकाच्या आरंभी एकापेक्षा अधिक ऑलिंपिकमध्ये स्कीइंगला उतरली, ती याच बारिलोचेतली.

त्यांच्यापुढची अडचण पंचांगाची आहे. बारिलोचेत हिवाळा जून ते सप्टेंबर. ऑलिंपिक मात्र फेब्रुवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात. जागतिक चषकाचा मुख्य हंगामही उत्तर गोलार्धातला. त्यामुळे तिथल्या खेळाडूला घरचा हिवाळा संपवून दुसऱ्या हिवाळ्यासाठी हजारो किलोमीटर दूर जावे लागते. त्यात गुणांची रीत अशी की शर्यतीत तुमच्यासोबत बलाढ्य खेळाडू असतील तरच चांगले मानांकन मिळते. घरच्या शर्यती जिंकून फारसे हाती लागत नाही. मानांकन कमी म्हणून सुरुवातीचा क्रमांक मागचा, आणि मागून निघणाऱ्याला आधीच्यांनी खणून ठेवलेला खडबडीत उतार. मागे असणे हेच मागे राहण्याचे कारण होऊन बसते.

मला वाटले, झाले, उत्तर सापडले. पण सीमेपलीकडच्या चिलीने माझी घाई उघडी पाडली. ऑगस्ट १९६६मध्ये चिलीतील पोर्तियो इथे अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दक्षिण गोलार्धात ती पहिली. बर्फ यांचा, आणि या खेपेस हिवाळाही यांचाच. तरीही २४ पैकी १६ पदके फ्रान्सने नेली. चिली आणि अर्जेंटिना या दोघांच्याही हाती काही लागले नाही. म्हणजे तारखा बदलल्याने भागत नाही. वर्षामागून वर्षे होणाऱ्या शर्यती, प्रशिक्षक, गावोगावचे क्लब, दोन हिवाळ्यांचा खर्च, हे सगळे ज्याच्यामागे उभे असते तो दुसऱ्याच्या हिवाळ्यातही जिंकतो.

ऑगस्ट १९८५मध्ये जागतिक चषकाच्या शर्यती अर्जेंटिनात मेंदोसा प्रांतातल्या लास लेन्यास इथे भरल्या. दक्षिण टोकाच्या उशुआइयाजवळच्या उतारांवर तर उत्तरेकडचे संघ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सरावालाच येतात. त्यांचा हिवाळा सुरू होण्याआधी यांचा हिवाळा त्यांना तयार करून पाठवतो. आपल्याकडे कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. पाणी दारावरून जाते, पीक भलतीकडे उभे राहते.

२०२२च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत अर्जेंटिनाच्या नावावर हिवाळी ऑलिंपिकचे एकही पदक नव्हते. नुसता पदकांचा तक्ता वाचणाऱ्याला त्या रकान्यात शून्य दिसते. मीही अनेक वर्षे इतिहास तसाच, तक्त्यातून वाचत आलो. आता ते शून्य दिसले की मी शेजारी दोन आकडे मांडून पाहतो: १९२८मधले परक्या बर्फावरचे सात दशांश सेकंद, आणि आपल्या हिवाळ्यातून निघून दुसऱ्याच्या हिवाळ्यात पोहोचण्यासाठी बारिलोचेच्या मुलांना कापावे लागणारे हजारो किलोमीटर. पहिले अंतर घड्याळाने मोजले, म्हणून त्याची नोंद झाली. दुसरे कुठल्याच तक्त्यात नाही.